पाकिटाच्या पाठीवरील बारीक अक्षरे

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात आपल्या लोकांची वस्ती जेथे दाट आहे, तेथील एखाद्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात गेले की मांडणीवर ओळखीची मंडळी भेटतात. हळद, धने-जिऱ्याची पूड, लोणची, पापड, चिवडा, भाकरवडी, शेव. बडोदा, इंदूर वा पुणे सोडून आठ हजार मैल आल्याचे क्षणभर विसरावे, अशी ही मांडणी असते. पाकीट उलटून पाहिले म्हणजे मात्र त्याच्या पाठीवर काळ्या रेघांची एक लहानशी चौकट आढळते. इशारा असा की, हा पदार्थ खाल्ल्याने आपला शिसे, कॅडमियम किंवा अॅक्रिलामाइड यांसारख्या रसायनाशी संबंध येऊ शकतो आणि हे रसायन कर्करोगास, जन्मजात व्यंगास अथवा प्रजननविषयक अन्य हानीस कारणीभूत होते, असे कॅलिफोर्निया राज्यास ज्ञात आहे. व्याकरणाच्या शिक्षकाला या वाक्याची रचना मोठी मौजेची वाटते. बोलणारा पाकिटाचा उत्पादक. पण ज्ञान मात्र राज्यास! उत्पादकाला स्वतःला काय ठाऊक आहे, याविषयी वाक्य मौन पाळते.

मौज वाटते ती दूर बसून वाचणाऱ्याला. आमच्या दांडिया बाजारातील शेजारच्या वहिनींची मुलगी त्या राज्यात असते. सातवा महिना लागला असता तिने हळदीच्या पाकिटावरील ही चौकट वाचली आणि मध्यरात्री आईला दूरध्वनी केला, "आई, सहा महिने मी ह्याच हळदीची फोडणी खाते आहे, आता काय करू?" वहिनी बाळंतपणासाठी तिकडे जायच्या तयारीत होत्या, डिंकाच्या लाडवांचे, सुंठीचे, मसाल्यांचे डबे बांधून तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. "सर, तुम्ही वाचणारे, तुम्हीच सांगा. हीच हळद इथे दुकानात मिळते, तिच्यावर तर असं काहीच लिहिलेलं नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

वहिनींचा हा प्रश्न बिनतोड आहे. एकाच कारखान्यातून निघालेले दोन पुडे. एकावर गर्भाच्या हानीची सूचना, दुसऱ्यावर हिरवा ठिपका आणि किंमत. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आपल्यातील कितीतरी घरांत आज ना उद्या हा प्रश्न यायचाच आहे. म्हणून त्याची थोडी खोलात जाऊन चर्चा केली पाहिजे.

ही चौकट ज्या कायद्यामुळे आली, तो कायदा विधिमंडळाने केलेला नाही. तो नागरिकांनी प्रत्यक्ष मतदानाने केला. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे जे प्रस्ताव होते, त्यांतील पासष्टाव्या क्रमांकाचा हा प्रस्ताव. सुमारे ६३ टक्के मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला आणि 'प्रपोझिशन ६५' हेच नाव पुढे रूढ झाले. मूळ हेतू पिण्याच्या पाण्यात कारखान्यांनी विषारी द्रव्ये सोडू नयेत, हा होता; कायद्याच्या नावातच सुरक्षित पेयजलाचा उल्लेख आहे. त्याला जोडून आणखी एक तत्त्व आले. कर्करोग किंवा प्रजननास अपाय करणाऱ्या द्रव्यांची यादी राज्याने वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करावी आणि दहा किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक व्यवसायाने, आपल्या मालामुळे अशा द्रव्याशी ग्राहकाचा संबंध येत असल्यास त्यास आधी तसे सांगावे. आज या यादीत नऊशेहून अधिक द्रव्ये आहेत.

येथवर सर्व न्याय्यच वाटते. खरी गोम पुढे आहे. सूचना कोणत्या मात्रेला द्यायची? कर्करोगकारक द्रव्यांविषयी नियम असा की, सत्तर वर्षे रोज ते द्रव्य पोटात गेल्यास एक लाख माणसांमागे एकाहून अधिक जादा माणसास कर्करोग होण्याचा संभव नसेल, तर सूचनेची गरज नाही. गर्भास वा प्रजननास अपाय करणाऱ्या द्रव्यांचा नियम याहून कडक आहे. ज्या मात्रेपर्यंत काहीही अपाय दिसत नाही, अशी मात्रा घ्यायची, तिला एक हजाराने भागायचे आणि त्या हजाराव्या भागाहून अधिक द्रव्य असेल तर सूचना छापायची. शिशासाठी ही मर्यादा दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅम ठरली आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एका भागाचा अर्धा!

आणखी एक कलम ध्यानात घेण्याजोगे आहे. या कायद्याची अंमलबजावणी केवळ सरकारी वकिलांकडे नाही. कोणीही नागरिक साठ दिवसांची नोटीस देऊन 'लोकहितार्थ' दावा लावू शकतो. दंड दर दिवसाला, दर उल्लंघनामागे अडीच हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो आणि दावा लावणाऱ्यास त्या दंडाचा चौथा हिस्सा मिळतो. शिवाय मात्रा मर्यादेच्या आत आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालविक्रेत्यावर. तेव्हा व्यापारी काय करील? प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी करून न्यायालयात आकडे मांडत बसण्यापेक्षा चार ओळींची चौकट छापणे त्यास कितीतरी स्वस्त पडते. म्हणून तिकडे ही सूचना हॉटेलांच्या दारावर आढळते, मोटारी ठेवण्याच्या तळघरात आढळते, लाकडी सामानावर आढळते आणि चिवड्याच्या पाकिटावरही आढळते. उदंड सूचनांच्या या गर्दीत जी खरोखर वाचली पाहिजे, ती कोणती, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? माझ्या मते या कायद्याचा मोठा दोष हाच आहे.

परंतु दोष दाखवताना त्याचे श्रेयही नाकारता येत नाही. मेक्सिकोतून येणाऱ्या चिंच-मिरचीच्या गोळ्यांत शिसे असल्याचे उघड झाल्यावर याच कायद्याखाली उत्पादकांवर दावे झाले आणि २००६ साली झालेल्या तडजोडीने त्यांना शिशाचे प्रमाण घटवावे लागले. या गोळ्या खाणारी बहुतांशी लहान मुले होती. सूचना छापण्याची लाज वाटून माल सुधारला, असे घडते ते असे.

आता त्या तीन द्रव्यांकडे वळू. त्यांतील अॅक्रिलामाइडची कथा एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोस नावाच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणला जात होता. आत पाणी झिरपू लागले म्हणून खडकाच्या भेगांत एक लुकण भरण्यात आले, त्यात अॅक्रिलामाइड होते. १९९७ साली ते ओढ्यात उतरले. मासे मेले, ओढ्याचे पाणी प्यालेल्या गाईंचे पाय लुळे पडले, बोगद्यातील मजुरांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी मजुरांचे रक्त तपासले आणि तुलनेसाठी, बोगद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या काही लोकांचेही तपासले. मजुरांच्या रक्तात ते द्रव्य सापडणार, हे अपेक्षितच होते. पण त्या असंबद्ध लोकांच्या रक्तातही त्याच्या खुणा आढळल्या! हे आले कोठून? हवेतून नाही, पाण्यातून नाही. मग संशय अन्नावर गेला. तळलेले खाद्य उंदरांना घालून पाहिले, तो उंदरांच्या रक्तातही तीच खूण. अखेर एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने जगास सांगितले की, बटाट्याचे तळलेले काप, भाजलेला पाव, बिस्किटे यांत हे द्रव्य स्वयंपाकाच्या वेळी आपोआप तयार होते. कोणी भेसळ करीत नव्हते. मनुष्याने चुलीवर अन्न भाजायला आरंभ केला, तेव्हापासून तो हे खात आला आहे.

त्यामागील रसायन फार अवघड नाही. बटाट्यात आणि धान्यात अॅस्पॅराजिन नावाचे एक अमिनो आम्ल असते आणि शर्कराही असते. उष्णता सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर गेली की या दोहोंचा संयोग होतो. पदार्थाला जो तांबूस रंग आणि जो वास येतो, ज्याला आपण 'खमंग' या एकाच शब्दात सांगतो, तो याच प्रकारच्या क्रियेतून येतो आणि त्याच क्रियेच्या एका फाट्यावर अॅक्रिलामाइड बसलेले असते. पाणी उकळते शंभर अंशांवर, म्हणून उकडलेल्या बटाट्यात ते तयार होत नाही. भातात नाही, वरणात नाही. तळलेल्या कापांत, बटाट्याच्या किसाच्या चिवड्यात, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यात ते असते.

यादीत हे द्रव्य १९९० पासून कर्करोगकारक म्हणून आहे आणि त्याची मर्यादा दिवसास ०.२ मायक्रोग्रॅम. युरोपीय संघाने बटाट्याच्या तळलेल्या कापांसाठी २०१७ साली जो मानदंड घालून दिला, तो किलोमागे ७५० मायक्रोग्रॅमचा आहे. म्हणजे युरोपच्या दृष्टीने नीट बनवलेल्या मालाच्या तीस ग्रॅमच्या छोट्या पुडीतही बावीस मायक्रोग्रॅमपर्यंत हे द्रव्य असू शकते. कॅलिफोर्नियाच्या मर्यादेच्या शंभरपटीहून अधिक. आता कोणता आकडा भिण्याजोगा मानायचा? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या द्रव्यास 'संभवतः मानवात कर्करोगकारक' अशा वर्गात घातले. त्याचा आधार मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोग होते. आहारातून जाणाऱ्या अल्प मात्रेने माणसांत कर्करोग वाढतो, असे बहुतेक प्रकारच्या कर्करोगांविषयी निरीक्षणांतून स्पष्टपणे दिसून आलेले नाही.

या द्रव्यावरून तेथे खटलेही गाजले. २००८ साली बटाट्याच्या कापांच्या काही मोठ्या उत्पादकांनी प्रमाण कमी करण्याचे मान्य केले. कॉफीचे प्रकरण तर हास्यास्पद वळणावर गेले. कॉफीच्या बिया भाजतानाही अॅक्रिलामाइड तयार होते, म्हणून प्रत्येक पेल्यावर कर्करोगाची सूचना हवी, असा निकाल २०१८ मध्ये एका न्यायाधीशांनी दिला आणि पुढल्याच वर्षी राज्याला कॉफीपुरता अपवाद करणारा नियम काढावा लागला. पुढे २०२५ च्या मे महिन्यात तेथील केंद्रीय न्यायालयाने, खाद्यपदार्थांतील अॅक्रिलामाइडविषयीची ही सक्तीची कर्करोग-सूचना घटनेने दिलेल्या वाक्स्वातंत्र्याशी विसंगत आहे, असा निर्णय देऊन तिच्या अंमलबजावणीस मनाई केली. शास्त्रात वाद असलेली गोष्ट निर्विवाद असल्यासारखी व्यापाऱ्याच्या तोंडून वदवून घेता येत नाही, हे त्यामागील तत्त्व. मघाशी त्या वाक्याच्या रचनेविषयी मी जो शेरा मारला, तो न्यायालयासही सुचला असावा!

घरी तळणाऱ्यांनी एवढे मात्र जरूर करावे. कापलेला बटाटा पंधरा ते तीस मिनिटे पाण्यात ठेवून, निथळून, कोरडा करून मग तळावा. वरची शर्करा बरीचशी निघून जाते. तळण सोनेरी झाले की काढावे, तपकिरी होऊ देऊ नये. शीतगृहात फार गार ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि असा बटाटा तेलात पडताच लवकर काळवंडतो, हे आपल्या गृहिणींना शास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. वेफर्ससाठी बटाटा निवडून घेण्याची आपल्या आयाबायांची खोड याच अनुभवातून आलेली असणार.

शिशाचे तसे नाही. येथे मी वाचकांना अधिक सावधपणे वाचायची विनंती करतो, कारण वहिनींच्या मुलीच्या पाकिटावर नाव होते ते शिशाचे.

शिसे हे शरीराला कोणत्याही मात्रेत उपयोगी नाही. ते रक्तातून हाडांत जाऊन वर्षानुवर्षे साठून राहते आणि गर्भारपणी हाडांतील कॅल्शियम निघू लागते, तेव्हा त्याच्यासोबत बाहेर पडून वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि अमुक मात्रेपर्यंत ते निर्धोक आहे, अशी कोणतीही सीमा जागतिक आरोग्य संघटनेला सांगता आलेली नाही. तेव्हा अॅक्रिलामाइडसारखे याच्याकडे हसून पाहता येणार नाही.

मसाल्यात शिसे दोन वाटांनी येते. एक वाट जमिनीची. माती, पाणी, धूळ, दळण्याची यंत्रे यांतून ते किंचित येतेच. आपल्या देशातील २०११ च्या नियमांनी हळदीत दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत शिसे चालवून घेतले. आता गणित करू. एका माणसाच्या पोटात दिवसाला एक ग्रॅम हळद जाते, असे धरले आणि हळद या नियमाच्या अगदी टोकाला असली, तर दहा मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. कॅलिफोर्नियाच्या मर्यादेच्या वीसपट! हळद त्याहून दहापट शुद्ध असली, तरी एक मायक्रोग्रॅम. म्हणजे तरीही चौकट छापणे भागच. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. खोटे कोणीच बोलत नाही. तेथला कायदा सूचना कधी द्यावी हे सांगतो, येथला कायदा विक्री कधी बंद करावी हे सांगतो. दोन्ही मापे वेगळी, म्हणून एकच हळद एका देशात निर्दोष आणि दुसऱ्या देशात सूचनापात्र ठरते.

दुसरी वाट पापाची आहे. हळकुंडे उकडून, वाळवून, पिंपात फिरवून घासतात, तेव्हा त्यांना झळाळी येते. ही झळाळी वाढवण्यासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचा गर्द पिवळा रंग वापरला जातो; हा रंग शिशाचाच एक क्षार आहे. बांगलादेशात १९८० च्या दशकातील महापुरानंतर भिजून काळवंडलेल्या हळदीला रंग आणण्यासाठी ही युक्ती सुरू झाली आणि मग ती चालीच पडली. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील आणि बांगलादेशातील संशोधकांनी २०१९ साली हे पुराव्यानिशी मांडले. त्यानंतर तेथील सरकारने बाजारांत छापे घातले, दंड केले, लोकांना जागे केले; २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते, ते प्रमाण २०२१ पर्यंत शून्यावर आले. एखाद्या गरीब देशाने दोन वर्षांत एवढे करून दाखवावे, ही गोष्ट आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चिली गेली नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील शहरांतील हळदीची जी पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात पाटणा, कराची आणि पेशावर येथील नमुन्यांत ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमहूनही अधिक शिसे आढळले. अशी हळद एक ग्रॅम खाल्ली, तर कॅलिफोर्नियाच्या मर्यादेच्या दोन हजारपट शिसे पोटात जाते. मातीतून आलेल्या एका मायक्रोग्रॅमला जी चौकट, तीच या हजार मायक्रोग्रॅमलाही. वाक्यात एका शब्दाचा फरक नाही.

वहिनींना मी एवढेच सांगितले की, मुलीने ते पाकीट बाजूला ठेवावे आणि ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांनी तिच्या रक्तातील शिशाची तपासणी केली. चिंतेचे काही निघाले नाही. वहिनींनी घरचे डबे मात्र येथेच ठेवले. "तिकडे तपासलेलीच हळद घेऊ," म्हणाल्या. मला ते शहाणपणाचे वाटले, जरी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आपल्या हातची हळद लेकीला द्यायला भ्यावे लागते, हे आईच्या जिवाला लागायचेच.

मसाल्यांच्या संदर्भात २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक वादळ उठले होते. हाँगकाँग आणि सिंगापूर येथे दोन प्रसिद्ध भारतीय मसाला-कंपन्यांच्या काही मालात इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे सांगून तेथील अधिकाऱ्यांनी तो परत घ्यायला लावला. मसाल्यातील जंतू मारण्यासाठी या वायूची धुरी देतात. तो कर्करोगकारक आहे. युरोपात त्याला बंदी आहे, अमेरिकेत ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगी आहे. येथेही पुन्हा देशोदेशींची मापे वेगळी.

हे झाले परदेशी मांडणीवरचे. आपल्या घरातील पाकिटे काही मुकी नाहीत. एखादे सरबत, एखादा मुरांबा किंवा मुलांच्या हट्टाने आणलेले नूडल्सचे पाकीट उलटून पाहिले, तर तेथेही आकड्यांची एक ओळ असते. पुष्कळजण तिला विषाची यादी समजून घाबरतात, ते सर्वस्वी योग्य नाही. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे लिंबातले आम्ल. ५०० च्या खाली आपला खाण्याचा सोडा येतो. ४४० म्हणजे पेरूच्या जेलीला घट्टपणा आणणारे पेक्टिन. आणि १०० हा क्रमांक आहे कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीच्याच पिवळेपणाचा! हे आंतरराष्ट्रीय क्रमांक केवळ ओळख पटवण्यासाठी आहेत. मात्र २११ दिसला की ते सोडियम बेंझोएट आणि ६२१ दिसला की मोनोसोडियम ग्लुटामेट, हे ठाऊक असावे. हे ग्लुटामेट जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारातून वेगळे केले. आपल्याकडे त्याच्या पाकिटावर बारा महिन्यांखालील बालकांसाठी ते योग्य नसल्याची सूचना घालण्याचा नियम होता. साखरेऐवजी अॅस्पार्टेम घातलेल्या पदार्थावर 'फेनिलकीटोन्युरिया' असलेल्यांसाठी नाही, असे लिहिलेले असते. या जन्मजात विकारात फेनिलअॅलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचा शरीरात निचरा होत नाही आणि ते साचून मेंदूला इजा होते. अॅस्पार्टेममध्ये ते असते. ज्या घरात असे मूल आहे, त्यांना ती एक ओळ मोलाची आहे.

रंगांविषयी मात्र मी थोडा अस्वस्थ आहे. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांवर केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेले पेय दिल्यावर मुलांची चंचलता सरासरीने वाढलेली आढळली. परिणाम फार मोठा नव्हता, सर्व मुलांत सारखाही नव्हता. तरीही २० जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर व एकाग्रतेवर याचा अनिष्ट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना सक्तीची झाली. पुष्कळ उत्पादकांनी ती छापण्यापेक्षा रंगच बदलले. या सहांपैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४ आर, म्हणजे १०२, ११०, १२२ आणि १२४, हे आपल्या येथे परवानगीचे रंग आहेत. आपल्या पाकिटावर लिहिलेले असते ते केवळ 'परवानगीचा कृत्रिम खाद्यरंग आहे' इतकेच. 'परवानगीचा' हा शब्द वाचून पालक निश्चिंत होतात. चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गापुढे ज्याने उभे राहून शिकवले आहे, त्याला एकाग्रता या शब्दाचे मोल सांगायला नको.

अर्थात पाकीट निदान काही बोलते तरी. कागदात बांधून मिळणारी पिवळीधमक जिलबी, जत्रेतील गुलाबी 'म्हातारीचे केस' यांच्यावर अक्षर छापायला जागाच नाही. मेटॅनिल यलो हा खाण्यास बंदी असलेला रंग मिठाईत आणि डाळीत सापडत आला आहे. म्हातारीच्या केसांत रोडामिन-बी हा कापडाचा रंग सापडल्यावरून तमिळनाडूने आणि पाठोपाठ कर्नाटकाने २०२४ साली कारवाई केली. कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमधील कृत्रिम रंगांनाही मनाई केली. बेळगावच्या वाचकांना ते आठवत असेल.

आणि सुपारी! हळदीकुंकवाच्या तबकात जी मानाने असते, तिच्या पाकिटावर 'सुपारी चघळणे आरोग्यास अपायकारक आहे' हा इशारा वर्षानुवर्षे छापलेला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली, तंबाखू नसली तरीही सुपारी मानवात कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा दिला. तिचा वर्ग धूम्रपानाचाच, संशयाला जागा नसलेला. कॅलिफोर्नियाच्या चौकटीने ज्या घरात झोप उडाली, त्याच घरात जेवणानंतर सुगंधी सुपारीची डबी फिरताना मी पाहिली आहे. पूजेची सुपारी पूजेत राहू द्यावी. चघळण्याच्या सुपारीवरचा इशारा मात्र या लेखातील सर्व इशाऱ्यांत अधिक भक्कम पुराव्याचा आहे.

हे सारे वाचणार कोण? नियमाप्रमाणे पाकिटावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. अन्य भाषा जोडायला मुभा आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात बहुतेक पाकिटे इंग्रजीच बोलतात आणि तेही भिंगाखेरीज न दिसणाऱ्या अक्षरांत. बडोद्यात गुजराती नाही, बेळगावात कन्नड वा मराठी नाही. घरातील स्वयंपाक जिच्या हातात आहे, त्या आजीला तिच्या नातवंडांच्या ताटात काय पडते ते कळण्याची सोय नाही. नव्या पिढीतील मुलांनी दर आठवड्याच्या वाणसामानातील पाकिटे आजीजवळ बसून वाचून दाखवावीत, असे मी आमच्या शाळेत सांगत असतो. मुलांना इंग्रजी वाचनाचा सराव होतो आणि आजीचे प्रश्न असे असतात की, मुलांना मास्तरांकडे यावे लागते.

ज्यांना हळदीचा संशय असेल, त्यांच्यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात अख्खे हळकुंड टाकावे. शुद्ध हळकुंड रंग सोडत नाही. लेड क्रोमेट चोळलेले असेल तर पाण्यात पिवळा रंग लगेच उतरू लागतो. दळलेल्या हळदीत मात्र शिसे डोळ्यांना दिसणार नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तेथे जाण्याचा हक्क सामान्य ग्राहकालाही आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेला पदार्थ कोणीही शुल्क भरून सरकारमान्य अन्न-विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि पदार्थ दोषी ठरला, तर भरलेले शुल्क परत मिळते. अट एकच: माल घेतानाच दुकानदाराला, आपण हा तपासणीस देणार आहोत, असे सांगावे लागते.